धागा दातानं तोडू नये

५ जानेवारी, रविवार

ही डायरी परसूसेठनं दिली. जीन्सला लागणाऱ्या चेनच्या कंपनीकडून त्याला दरवर्षी दहा-बारा येतात, त्यातली एक मला, कारण मी त्याच्या युनिटचं धागा कटिंग एकोणीस वर्षं घरी करते. आधीच्या सगळ्या डायऱ्यांत मी फक्त किती पीस झाले तेवढं लिहिलं. या वर्षी विक्रांतचं लग्न आहे, म्हणून हिच्यात लग्नाचं लिहायचं. नंतर कोणी म्हणायला नको की असं ठरलंच नव्हतं.

तर ठरलं ते असं. आमचा विक्रांत आणि चेंबूरची प्रीती एकाच ऑफिसात आहेत. दोन वर्षं एकमेकांना ओळखतात, आम्हाला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. लग्न ९ मार्चला, अंबरनाथच्या हॉलमध्ये, आपल्या बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यांत. प्रीतीला वडील नाहीत. आई यशोधराताई बँकेत ऑफिसर होत्या, आता रिटायर. बाई चांगली आहे, पण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबते. माझी पंचाईत होते, माझं वाक्य लवकर संपत नाही.

नवरीची पांढरी साडी मुलाकडून. म्हणजे माझ्याकडून. माझ्या लग्नातली साडी जावेची होती, तिनं नेसलेली, आणि निऱ्यांवर गंजाचा डाग होता. सासूबाई म्हणाल्या, उजवा हात डागावर ठेवून बस. फोटोत मी सगळीकडे पोटात कळ आल्यासारखी दिसते. त्रिशरणाला हात जोडले तेवढाच एक फोटो सरळ आलाय, आणि त्यात डाग आलाय. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेचे दोन्ही हात मोकळे राहतील. मला लग्नातून एवढंच पाहिजे.

यशोधराताई म्हणाल्या, साडी मुंबईत बघू, प्रीतीनं मॉलमधलं एक दुकान बघून ठेवलंय. मी हो म्हटलं. मुंबई मला नवी नाही, दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाते. पण तिथून आपण पुस्तकं आणतो, कॅलेंडर आणतो. कपडा आणायला उल्हासनगरचं माणूस मुंबईला कशाला जाईल?

८ जानेवारी, बुधवार

दोन बंडलं झाली. लेडीज जीन्स, काळी.

विक्रांतचे पप्पा घरी होते, त्यांनी पण हात लावला. अंबरनाथची कंपनी बंद झाल्यापासून ते बदलापूरला शिरगावात एका बिल्डिंगवर वॉचमन आहेत. रात्रपाळी झाली की सकाळी दोन तास माझ्यासोबत बसतात. काम सोपं आहे. मशीन जिथे शिलाई सोडतं तिथे धाग्याची शेपटी राहते, ती कापायची. मुळाशी कापायची, पण शिलाईला धक्का नको. ओढायची नाही, कपडा गोळा होतो. दातानं तर कधीच तोडायची नाही, ओल लागते आणि टोक फुटतं. दुसऱ्यानं कापलेला प्रत्येक पीस मी परत बघते. विक्रांतचे पप्पा म्हणाले, एकोणतीस वर्षं संसार केला, हिला एका धाग्याचा भरवसा नाही. नाही तर नाही.

रात्री विक्रांत म्हणाला, मम्मी, मी त्यांना सांगितलंय तू गारमेंट लाईनमध्ये आहेस. कोणी विचारलं तर तेवढंच सांग, डिटेलमध्ये नको जाऊ, त्यांना बोअर होईल. मी म्हटलं बरं. यात खोटं काही नाही. शिवाय त्यानं बदलापूरला हेंद्रेपाड्यात फ्लॅट घेतलाय, मेमध्ये आपण सगळे तिकडे. तिथे बंडलं आणायची नाहीत म्हणाला, जीन्सचा रंग टाईल्सला लागतो. लागतो हे खरं आहे. मुलगा बारकाईनं विचार करतो, माझ्यावर गेलाय.

१२ जानेवारी, रविवार

पाय दुखतायत, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

मी नवी चप्पल घातली, विक्रांतनं कालच आणली. आईच्या पायांची काळजी. जाताना कुर्ल्यापर्यंत तो फोनवरच होता, मग फोन बंद पडला. प्रीती आणि यशोधराताई दादरला भेटल्या. त्यानं प्रीतीकडे चार्जर मागितला, तिच्याकडे नव्हता. तिथून आम्ही चौघं टॅक्सीनं मॉलला गेलो. मॉलचं नाव इंग्रजीत आहे, लिहितात एक आणि बोलतात वेगळंच.

दारात पर्स मशीनमधून काढतात. त्याच्या आधी विक्रांत मला बाजूला घेऊन म्हणाला, मम्मी, तुझा कटर दे इकडे, मशीन वाजेल. मुठीत मावणारी कैची ती, स्प्रिंगची, माझ्या पर्समध्ये कायम असते. दिली. त्यानं खिशात टाकली. मशीन वाजलंच, पण त्याच्या खिशात वाजलं. तिथल्या माणसानं त्याच्याकडे बघितलं आणि जा म्हटलं.

साडीच्या दुकानात पोरगी गोड होती. लग्नाची साडी म्हटल्यावर तिनं लाल काढली. पांढरी म्हटल्यावर आधी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग आतून चार काढल्या. आयव्हरी, पर्ल, एगशेल आणि शॅम्पेन. मी म्हटलं, बेटा, यात पांढरी कुठली? ती म्हणाली, मॅम, सब व्हाइट फॅमिली में ही है. एक दुधाळ, एक दह्यासारखी, एक अंड्याच्या टरफलासारखी, आणि चौथी तर चहा सांडून धुतल्यासारखी. मी म्हटलं, पांढरं म्हणजे पांढरं. किंमत मी लिहीत नाही, यशोधराताईंनी चष्मा काढून पुसला एवढंच लिहिते. प्रीती म्हणाली, आई, राहू दे, दुसरीकडे बघू. मला ती आई म्हणाली.

साडी झाली नाही. मग प्रीती जीन्स बघायला दुसऱ्या दुकानात शिरली. ती ट्रायलला गेली, यशोधराताई बाकावर बसल्या, विक्रांत शर्ट बघत होता. मी एका पुतळ्याशेजारी उभी होते. पुतळ्याला जीन्स घातलेली. मांडीवर धागा.

मी दुसरीकडे बघितलं. परत बघितलं तर गुडघ्यावर अजून तीन. एवढं मोठं दुकान, डोळे दिपवणारी लाईट, आणि त्याखाली पीस असा उभा केलेला. परसूसेठनं बंडल तोंडावर फेकलं असतं. पर्समध्ये हात घातला, कटर नाही. मग मी खाली बसले.

धागा दातानं तोडू नये हे मी सगळ्या नव्या बायकांना सांगते. पण हात रिकामा असला की माणूस काय करणार. मांडीचा तोडला, गुडघ्याचे तोडले. खाली मोहरीला, म्हणजे पायाच्या घेराला, सुट्या धाग्यांची झालर होती. झालरीची फॅशन असते, मला माहीत आहे, आमच्याकडे पण येते. पण ही एका पायाला लांब आणि दुसऱ्याला आखूड. माझ्या मते तो रिजेक्ट पीस. लांब पाय मी आखूड पायाच्या बरोबरीला आणत होते, निम्मा झाला होता, तेव्हा गार्ड आला.

"मॅडम, आप क्या खा रहे हो?"

मी म्हटलं, धागा. त्यानं वॉकीटॉकीवर आणखी दोघांना बोलावलं. दुकानातली पोरगी म्हणाली ती झालर डिझाइनच तशी आहे, एक बाजू लांब. मी तिला म्हटलं, तुला फसवलंय. त्यांनी विचारलं, किसके साथ आये हो? मी विक्रांतकडे बोट दाखवलं. तो सहा फुटांवर होता, आमच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून बोलत होता. कोणी फोनवर असलं की मध्ये बोलू नये, म्हणून मी थांबले. गार्ड पण थांबले. बराच वेळ झाला.

शेवटी यशोधराताई उठल्या आणि म्हणाल्या, मेरे साथ हैं, मेरी समधन हैं. ती जीन्स त्यांनी पॅक करायला सांगितली. त्यांच्या मापाची नव्हती. प्रीतीच्या पण नव्हती.

येताना कोणी फार बोललं नाही. विक्रांत म्हणाला, ऑफिसचा अर्जंट फोन होता.

१३ जानेवारी, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. विक्रांतचा फोन कुर्ल्यालाच बंद पडला होता. मॉलमध्ये कुठे चार्जिंगची सोय असेल, मोठा मॉल आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

कटर अजून विक्रांतकडेच आहे. मी मागितला नाही. तो विसरला असेल, कामाचा ताण आहे. जुन्यानं काम चालवते. त्याची स्प्रिंग ढिली आहे, अंगठ्याला फोड आलाय.

चेंबूरहून फोन नाही. आधी यशोधराताई दिवसाआड करायच्या. विक्रांतला विचारलं, तर म्हणाला बिझी असतील. रिटायर बाई कशात बिझी असते ते मी विचारलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज विक्रांतच्या पप्पांना सगळं सांगितलं. फोनचं पण सांगितलं. ते बूट काढत होते, एक बूट हातातच राहिला. मग म्हणाले, "माया, आपलेच दात, आपलेच ओठ." आणि दुसरा बूट काढला.

मी रडले. हे लिहून ठेवते. मला धागे चावल्याची लाज वाटत नाही. पोराची पाठ दिसली त्याचं दुःख होतं. आणि त्याच्यावर भीती, की माझ्यापायी त्याचं लग्न मोडलं तर? मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. चार धागे लोंबत राहिले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण तेही खोटं आहे. परत दिसले तर परत बसेन.

विक्रांत चौथीत होता तेव्हापासून माझ्या शेजारी बसायचा. शाळेत जायच्या आधी वीस पीस. हात लहान होता ना, माझ्यापेक्षा मुळाशी कापायचा. सेठ म्हणायचा, ये छोकरा लाईन में आगे जाएगा. आठवीत वर्गातला एकजण वही मागायला घरी आला, दारातून बघून गेला. तेव्हापासून विक्रांतला जीन्सच्या धुळीची ॲलर्जी आहे. मी औषध पण आणलं होतं. सहा महिने त्यानं नेमानं घेतलं.

२५ जानेवारी, शनिवार

यशोधराताईंचा फोन आला. विक्रांतला नाही, मला. दहा दिवस तापानं अंथरुणात होत्या, आवाज बसला होता. प्रीतीला सांगितलं होतं सासरी कळवू नकोस, उगाच धावत येतील. मला एवढं हलकं वाटलं की त्यांना ताप आल्याचा आनंद झाल्यासारखंच झालं. नंतर मनातल्या मनात माफी मागितली.

मग म्हणाल्या, मायाताई, ती जीन्स मी घरी उलटी करून बघितली, आतले धागे तसेच आहेत. मी म्हटलं, पुतळ्याच्या अंगावर असताना आतले कसे निघणार? त्या हो म्हणाल्या. मग विचारलं, तुम्ही नेमकं काय काम करता? मी म्हटलं, गारमेंट लाईनमध्ये आहे. त्या थांबल्या, त्यांच्या सवयीप्रमाणे. माझं वाक्य तेवढ्यावरच संपलं. असं पहिल्यांदाच झालं.

शेवटी त्या म्हणाल्या, साडी तुमच्याकडे बघू, उल्हासनगरला. आधी घरी चहाला येतो.

विक्रांतला सांगितलं. तो म्हणाला, इकडे कशाला, त्यांना त्रास होईल, दादरला जाऊ. मी म्हटलं, त्यांनीच सांगितलंय. त्यानं खोलीभर नजर फिरवली. पलंगाखाली बंडल, दाराशी बंडल, टीव्हीच्या बाजूला बंडल. मी ती हलवली नाहीत. हलवायला जागा नाही, आणि असती तरी बहुतेक हलवली नसती.

२ फेब्रुवारी, रविवार

यशोधराताई आणि प्रीती दहाला आल्या. विक्रांतनं त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि मार्केटला जायला रिक्षा बघतो म्हणून खालीच थांबला. रिक्षा मिळायला त्याला पाऊण तास लागला. आमच्या विठ्ठलवाडीत रिक्षा उभ्याच असतात.

घरी खुर्च्या दोन. त्या प्रीतीला आणि विक्रांतच्या पप्पांना दिल्या गेल्या, म्हणून यशोधराताई बंडलावर बसल्या. मी नको नको म्हणेपर्यंत बसल्याच. चहा झाला, पोहे झाले. बंडलाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विक्रांतला दिलेला शब्द मी पाळला. उठल्यावर त्यांच्या साडीला मागून निळं लागलं होतं, ते मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, राहू दे, धुतल्यावर निघेल. निघत नाही, पण मी वाद घातला नाही.

कॅम्प दोनच्या कापड मार्केटात गेलो. विक्रांतचे पप्पा ड्युटीवर गेले. दुकानदार सिंधी, म्हातारा, पांढऱ्या गादीवर बसलेला. आम्हाला बघून जय भीम म्हणाला आणि लाल साडीला हातही न लावता सात पांढऱ्या समोर टाकल्या. म्हणाला, चौदा एप्रिल का माल अभी आया नहीं, लेकिन शादी का है, आराम से देखो. त्याला काही समजवावं लागलं नाही.

मी एकेक साडी दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितली. एक टोक माझ्याकडे, एक यशोधराताईंकडे, रस्त्यात आडवी धरून. दुकानातल्या लाईटमध्ये सगळंच पांढरं दिसतं. पहिली घडीवर पिवळी पडलेली, दुसरीवर तेलाचा ठिपका, तिसरीची वीण सुटलेली, चौथी बरी पण उन्हात निळसर मारते. स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. पाचवी उघडली आणि यशोधराताई म्हणाल्या, ही. प्रीतीनं खांद्यावर टाकली. रुपेरी काठ, बाकी स्वच्छ. डाग नाही, ठिपका नाही, काही नाही. मी दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा बघितलं. मला रडू येत होतं, पण दुकानात भाव करायचा असतो तेव्हा रडून चालत नाही.

फक्त पदराच्या काठाला एक धागा सुटलेला. बोटभर.

दुकानदार म्हणाला, वडी साईं, धागा ही तो है, खींच लो. मी ओरडलेच, ओढू नका. काठाचा धागा ओढला की अख्खा पदर गोळा होतो. पर्समध्ये हात घातला. जुना कटर परवाच तुटलाय. दुकानदारानं कपडा फाडायची मोठी कैची पुढे केली, तिला धार नव्हती. पदर माझ्या हातात होता. आता मी काय करणार होते ते मला माहीत होतं, आणि यशोधराताईंनाही माहीत होतं, कारण त्या धाग्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

विक्रांत दारात उभा होता, हातात फोन. या वेळी फोन खरंच वाजत होता, मला ऐकू येत होता. त्यानं तो बंद केला. चप्पल काढून गादीवर आला, दुसऱ्या खिशात हात घातला आणि माझा कटर काढला. तीन आठवडे त्याच्या खिशातच होता. मी हात पुढे केला, पण त्यानं मला दिला नाही. माझ्या हातातून पदर घेतला. काठ डाव्या बोटावर ताणला, अंगठ्यानं शिलाई दाबली, धागा सरळ वर घेतला आणि कट्‌ केला. मध्ये पंधरा वर्षं गेली, अंगठा जागच्या जागी.

दुकानदार म्हणाला, अरे वा, हाथ बैठा हुआ है. कहाँ सीखा?

"मम्मी से," विक्रांत म्हणाला. वर बघितलं नाही, पदराकडेच बघत होता. "मम्मी धागा कटिंग करती है. उन्नीस साल से. मैं चौथी से उसके साथ बैठता था."

प्रीती म्हणाली, "मला हे कधी बोलला नाहीस."

"नाही बोललो," तो म्हणाला. मग यशोधराताईंकडे वळून म्हणाला, "त्या दिवशी मॉलमध्ये फोन बंद होता."

यशोधराताई थांबल्या, वाक्य संपलंय का बघायला. संपलं होतं. त्या म्हणाल्या, माहीत आहे.

विक्रांतनं पदर माझ्यापुढे केला. घरात सगळे करतात तसा, मी तपासावा म्हणून. उजेड चांगला होता, चष्मा डोळ्यावरच होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी घडी घातली आणि दुकानदाराला म्हटलं, पॅक करा. तपासलं नाही.